सरव्याचा हक्क आणि निसर्गाचे चित्र

१

मराठीत आपण ज्याला 'निसर्गचित्र' म्हणतो त्याला इंग्रजीत 'लँडस्केप' असा शब्द आहे. तो डच भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी जमीन आहे, मुलूख आहे, निसर्ग नाही. मराठी पर्याय घडताना जमीन गळाली आणि तिची जागा निसर्गाने घेतली. हा केवळ भाषांतराचा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जमिनीच्या जागी निसर्ग ठेवण्याची हीच क्रिया एकोणिसाव्या शतकातील युरोपीय ग्रामचित्रांतही घडताना दिसते, आणि त्या चित्रांविषयीची समीक्षाही बऱ्याच अंशी याच क्रियेच्या आत राहून बोलते. म्हणून मानव आणि निसर्ग यांच्या संबंधाची चर्चा करण्यापूर्वी या जोडीतील दुसरे पद कसे तयार होते हे पाहणे आवश्यक ठरते.

या चित्रांच्या वाचनाच्या दोन दिशा आज आपल्यासमोर आहेत. पहिली दिशा रेमंड विल्यम्स यांच्या 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) या ग्रंथाने खुली केली. भूदृश्य ही कल्पनाच पाहणाऱ्याचे अलगपण गृहीत धरते, राबणाऱ्याला आपले शेत भूदृश्य म्हणून दिसत नाही, हे त्यांचे सूत्र. जॉन बॅरल यांनी 'द डार्क साइड ऑफ द लँडस्केप' (१९८०) मध्ये १७३० ते १८४० या काळातील इंग्लिश चित्रकलेतील ग्रामीण दरिद्री माणसांचा शोध घेतला, आणि ॲन बर्मिंगहॅम यांनी 'लँडस्केप अँड आयडिऑलॉजी' (१९८६) मध्ये या चित्रप्रकाराचा उत्कर्ष व गायरानांची कुंपणबंदी यांचे नाते तपासले. या वाचनाचा मूलभूत प्रश्न असा : चित्रात मजूर कोठे आहे, आणि तो एवढा लहान का?

दुसरी दिशा पर्यावरणवादी समीक्षेची. जोनाथन बेट यांच्या 'रोमँटिक इकॉलॉजी' (१९९१) ने वर्ड्‌स्वर्थच्या संदर्भात पहिल्या वाचनाला थेट आव्हान दिले. निसर्गाला केवळ विचारप्रणालीचा पडदा मानणारी समीक्षा प्रत्यक्ष निसर्गाकडेच पाठ फिरवते, असा हा आक्षेप आहे. तो चित्रकलेला लावला, तर भूदृश्यातील लहान माणूस हा दडपलेला माणूस न राहता सृष्टीत आपले प्रमाण ओळखलेला माणूस ठरतो.

या दोन वाचनांतील विरोध खरा आहे. तथापि त्यांचे एक गृहीतक समान आहे. चित्रातील मनुष्याकृती म्हणजे मानव आणि उरलेले सर्व म्हणजे निसर्ग, ही विभागणी दोघांनाही मान्य आहे. एक वाचन पहिल्याच्या बाजूने बोलते, दुसरे दुसऱ्याच्या. ही विभागणीच चित्रात घडवली जाते आणि ती घडवण्याचे साधन म्हणजे जमिनीवरील हक्काचा प्रश्न, असे प्रतिपादन मला येथे करावयाचे आहे. त्यासाठी एकच कृती उदाहरणादाखल घेतो : पीक निघाल्यानंतर शेतात पडून राहिलेली कणसे वेचणे. या वेचलेल्या धान्याला मराठीत 'सरवा' असा नेमका शब्द आहे.

२

सरवा वेचणाऱ्या व्यक्तीचे जमिनीशी असलेले नाते चमत्कारिक असते. ती मालक नाही, कूळ नाही, त्या क्षणी मजूरही नाही. तिला मजुरी मिळत नाही. मिळते ते रूढीने दिलेले धान्य. इंग्लंडमध्ये हे काम प्रामुख्याने स्त्रिया आणि मुले करीत, आणि गरीब कुटुंबाच्या वर्षाच्या भाकरीत या धान्याचा वाटा लक्षणीय असे. १७८८ साली 'स्टील विरुद्ध हॉटन' या खटल्यात न्यायालयाने तीन विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, सामान्य कायद्यानुसार असा कोणताही हक्क अस्तित्वात नाही. खटला सफोक परगण्यातील टिमवर्थ या गावचा होता. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) त्या वेळी बारा वर्षांचा होता आणि त्याच परगण्यात, ईस्ट बर्गहोल्ट येथे, वाढत होता. त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल पिठाच्या गिरण्यांचे मालक आणि धान्याचे व्यापारी होते.

निर्णयाने प्रथा थांबली नाही. पीटर किंग यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे की, त्यानंतरही कित्येक दशके सरवा वेचला जात राहिला. अनेक गावांत सकाळी वेचणी सुरू करण्यासाठी आणि संध्याकाळी थांबवण्यासाठी घंटाही वाजवली जाई. म्हणजे कायद्याने नाकारलेला हक्क रूढीने जगत होता. अशा अधांतरी अवस्थेतील हक्काचे चित्र काढायचे तर ते कसे काढायचे?

कॉन्स्टेबलने १८१५ च्या उन्हाळ्यात शेतावर प्रत्यक्ष बसून रंगवलेले आणि १८१६ साली रॉयल ॲकॅडमीत मांडलेले 'गव्हाचे शेत' हे चित्र या प्रश्नाचे एक उत्तर आहे. कापणी करणारे दूरवर, उभ्या पिकाच्या कडेला आहेत. पुढे, पाहणाऱ्याच्या जवळ, सरवा वेचणारी एक स्त्री आणि मुली आहेत. कापणाऱ्यांची शिदोरी राखणारा मुलगा आणि कुत्रा आहे. पुढच्या वर्षी हे चित्र ब्रिटिश इन्स्टिट्यूशनमध्ये मांडताना त्याच्यासोबत सफोकचाच कवी रॉबर्ट ब्लूमफील्ड याच्या 'द फार्मर्स बॉय' मधील ओळी दिल्या गेल्या. मागे राहिलेले धान्य हे गरिबांसाठी स्वर्गाने केलेले वाटप आहे, असा त्यांचा आशय आहे.

येथे काय घडले हे बारकाईने पाहिले पाहिजे. १७८८ नंतर सरवा हा कायदेशीर हक्क उरला नव्हता. शेतमालकाच्या मर्जीचा भाग झाला होता. चित्र आणि कविता यांनी मिळून शेतमालकालाही प्रश्नाबाहेर काढले. देणारा स्वर्ग आहे, घेणारी गरीब स्त्री आहे, आणि या दोहोंमध्ये फक्त पिवळे शेत आहे. हक्काचे रूपांतर दानात झाले आणि दात्याचे रूपांतर निसर्गात. त्याच १८१६ साली ईस्ट अँग्लियात धान्याच्या भावावरून आणि मजुरीवरून दंगे झाले आणि ईली येथे पाच जणांना फाशी देण्यात आले. हे लक्षात घेतले की या रूपांतराची तातडी कळते. मात्र बॅरल यांच्या मापाने येथे काम भागत नाही. सरवा वेचणाऱ्या आकृती दूर ढकललेल्या नाहीत, त्या अगदी पुढे आहेत. दडवली गेली ती व्यक्ती नव्हे. तिचा हक्क दडवला गेला.

पुढील काळातील मोठ्या, सहा फुटी चित्रांत कॉन्स्टेबल नदीकडे वळला. या चित्रांतील स्टूर नदी निसर्गाचे प्रतीक म्हणून असंख्य वेळा वाखाणली गेली आहे. परंतु १७०५ च्या कायद्यान्वये नौकानयनासाठी बांधून काढलेला हा जलमार्ग होता, आणि गोल्डिंग कॉन्स्टेबल त्याच्या आयुक्तांपैकी एक होते. जलपाशांचे दरवाजे, गिरणीचा बांध, काठावरची घोडेवाट, छाटलेली झाडे, कुंपणे हे सर्व श्रमाचे संचित आहे. १८१९ च्या 'पांढरा घोडा' या चित्रात नाव ओढणारा घोडा स्वतःच नावेत उभा आहे. कारण घोडेवाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते आणि घोड्याला पलीकडे न्यावे लागते. १८२५ च्या 'उडी मारणारा घोडा' या चित्रात घोडा वाटेवरचा अडसर ओलांडतो. एका मालकाची गुरे दुसऱ्याच्या कुरणात जाऊ नयेत म्हणून असे अडसर घातलेले असत आणि ते ओलांडण्याची सवय घोड्यांना लावलेली असे. चित्रातील सर्वांत जोमदार, सर्वांत 'नैसर्गिक' वाटणारी हालचाल ही मालमत्तेच्या सीमेवरून मारलेली उडी आहे.

'गवताची गाडी' (१८२१) या सुप्रसिद्ध चित्राविषयीही हेच म्हणता येईल. रिकामी गाडी पाण्यात थांबली आहे. गवत कापणारे दूर, उजवीकडच्या कुरणात, पांढऱ्या ठिपक्यांएवढे आहेत. पुढच्या काठावर प्रथम एक आकृती घोड्यासह होती. ती पुसून तेथे पिंप आले आणि अखेरीस पिंपही रंगाखाली गेले. त्याची छाया आजही जाणवते. माणूस, मग वस्तू, मग मोकळे पाणी, हा क्रम निव्वळ रचनेच्या सोयीचा असेल. परंतु चित्रातली शांतता आयती मिळालेली नाही, ती वजाबाकीने साधली आहे, याचा हा पुरावा आहे. हे चित्र लंडनमध्ये रंगवले गेले. पुढल्याच वर्षी सफोकमध्ये गंज्यांना आगी लागत असल्याच्या बातम्या कॉन्स्टेबल आपल्या मित्राला पत्रातून कळवत होता.

३

आता फ्रान्सकडे वळू. सरव्याचा प्रश्न तेथे निराळ्या कायद्याच्या चौकटीत होता आणि म्हणूनच तुलना उपयुक्त आहे. इंग्लिश न्यायालयाने जो हक्क नाकारला तो फ्रेंच कायद्याने सीमित करून मान्य केला होता. १८१० च्या दंडसंहितेतील कलम ४७१ नुसार पीक पूर्ण उचलले जाण्यापूर्वी शेतात शिरून सरवा वेचणे, तसेच सूर्योदयापूर्वी वा सूर्यास्तानंतर वेचणे दंडनीय होते. म्हणजे हक्काला अवकाशाची एक मर्यादा होती आणि काळाची एक. या दोन मर्यादांची दोन चित्रे दोन वर्षांच्या अंतराने पॅरिसच्या सालाँमध्ये लागली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

झाँ-फ्राँस्वा मिले (१८१४–१८७५) याचे 'सरवा वेचणाऱ्या स्त्रिया' हे चित्र १८५७ चे. तीन स्त्रिया चित्राचा पुढचा भाग व्यापतात. दोघी पूर्ण वाकलेल्या, तिसरी अर्धवट. क्षितिजरेषा उंच आहे आणि तिघींपैकी एकीचेही शरीर ती ठळकपणे ओलांडून आकाशात शिरत नाही. मागे दूरवर सोनेरी उजेडात उंच गंज्या आहेत, भरली जाणारी गाडी आहे, कापणाऱ्यांचा जमाव आहे आणि उजव्या कडेला घोड्यावर बसलेला मुकादम आहे.

कॉन्स्टेबलच्या चित्रातील अंतराची येथे नुसती उलटापालट झालेली नाही. स्त्रिया आणि गंज्या यांच्यामध्ये जो रिकामा, खुंटांनी भरलेला पट्टा आहे, तो काय आहे? रंगरचनेच्या भाषेत ती मध्यभूमी. परंतु कलम ४७१ च्या भाषेत ती कायद्याने आखलेली जागा आहे. पीक जेथून उचलले गेले आहे तेथेच या स्त्रियांना वाकता येते. जेथे ते अजून उचलले जात आहे तेथे त्यांना प्रवेश नाही. घोडेस्वार लहान आहे, पुसट आहे, परंतु त्याच्या असण्याने त्या पट्ट्याला अर्थ येतो. तत्कालीन टीकाकारांपैकी पॉल द सँ-व्हिक्तोर याला या तिघींत दारिद्र्याच्या नियतीदेवता दिसल्या, तर आणखी एकाला त्यांच्यामागे १७९३ च्या क्रांतीची हत्यारे दिसली. या प्रतिक्रिया आज हास्यास्पद वाटतात, पण त्यांत एक जाण आहे. या स्त्रिया कोणाचे उपकार स्वीकारत नाहीत; त्या कायद्याने ठेवलेल्या एका फटीत काम करत आहेत, आणि ही फट मिलेने स्वर्गाच्या नावाने बुजवलेली नाही.

झ्यूल ब्रेताँ याचे 'सरवा वेचणाऱ्यांना परत बोलावणे' हे १८५९ चे चित्र याच्याशेजारी ठेवून पाहावे. संध्याकाळ झाली आहे, आकाशात चंद्रकोर उगवली आहे. रापलेल्या, अनवाणी स्त्रिया डोक्या-खांद्यांवर भारे घेऊन शिल्पासारख्या डौलाने परतत आहेत. एका बाजूला गावचा शेतरखवालदार तोंडाशी हात धरून हाक मारतो आहे. हे चित्र राजघराण्याने घेतले आणि सार्वजनिक संग्रहाला दिले. त्याची लोकप्रियता समजण्याजोगी आहे. कारण यातील सांजप्रकाश खरोखर मोहक आहे. परंतु हा सांजप्रकाश म्हणजेच कायद्याची घटिका. सूर्य मावळला म्हणून स्त्रिया निघाल्या, असे चित्र म्हणते. सूर्य मावळल्यावर थांबणे गुन्हा ठरेल म्हणून रखवालदार त्यांना काढतो आहे, हेही तेच चित्र म्हणते, पण हलक्या आवाजात. कायद्याची मर्यादा आणि सृष्टीचा क्रम येथे एकरूप झाले आहेत, आणि या एकरूपतेलाच प्रेक्षक सौंदर्य म्हणून दाद देतो.

मिले थोर आणि ब्रेताँ गोडबोल्या, असा निवाडा देण्याचा येथे हेतू नाही. मिलेच्या चित्रांचेही पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या 'सांजप्रार्थने'ला १८८९ च्या लिलावात ५,५३,००० फ्रँक किंमत आली आणि शेतातली ती दोन माणसे घराघरांच्या भिंतींवरचे धार्मिक चित्र बनली. मुद्दा असा की, प्रकाश, अंतर, क्षितिज, प्रहर ही चित्राची 'निव्वळ सौंदर्यात्मक' अंगे मानली जातात. प्रत्यक्षात हक्काचा प्रश्न त्यांच्यातच सोडवला जातो वा उघडा ठेवला जातो. म्हणून सामाजिक वाचन म्हणजे चित्र सोडून दस्तऐवजांकडे जाणे नव्हे. चित्रातली मध्यभूमी रिकामी का आहे हे विचारण्यासाठी प्रथम ती रिकामी आहे हे डोळ्यांना दिसावे लागते.

४

पर्यावरणवादी वाचनाचा येथे एक सबळ प्रतिवाद संभवतो. हक्काची भाषा ही अखेर माणसाचीच भाषा आहे. नदी, माती, वृक्ष यांना तिच्यात स्थान कोठे? भूदृश्यकारांनी सृष्टीकडे उपयोगापलीकडे जाऊन पाहायला शिकवले आणि या दृष्टीतूनच तिच्या रक्षणाची प्रेरणा जन्मली, हे नाकारता येत नाही. मिलेचा शेजारी आणि स्नेही तेओदोर रूसो याचे उदाहरण तर ऐतिहासिकच आहे. फोंतेनब्लोच्या अरण्यातील जुने वृक्ष तोडले जाऊ नयेत म्हणून त्याने १८५२ साली सत्ताधाऱ्यांना साकडे घातले. १८५३ साली ६२४ हेक्टर क्षेत्र तोडीतून वगळण्यात आले आणि १८६१ च्या आदेशाने सुमारे १,०९७ हेक्टरांचे 'कलात्मक' राखीव क्षेत्र निर्माण झाले. सौंदर्याच्या कारणासाठी शासनाने अरण्य राखल्याचे हे जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे, आणि त्याचे श्रेय चित्रकारांचे आहे.

परंतु याच अरण्याच्या कडेला मिलेने सरपणाचे भारे वाहणाऱ्या स्त्रिया रंगवल्या. अरण्यातील वाळके लाकूड वेचणे हे शेतातील सरवा वेचण्याचेच भावंड. तेही रूढीचे, गरिबांचे, बहुधा स्त्रियांचे काम, आणि १८२७ च्या वनसंहितेने आक्रसत आणलेले. रूसोच्या ओक वृक्षांच्या चित्रांतून आणि मिलेच्या भारेकरणींच्या चित्रांतून एकच अरण्य दोन प्रकारे समोर येते. एकात ते पाहण्याची जागा आहे, दुसऱ्यात जळणाची. आदेशाने पहिली कल्पना कायद्यात आणली. वृक्ष वाचले ही इष्टच गोष्ट झाली. मात्र कोणाच्या डोळ्यांसाठी वाचले, हे त्या आदेशाच्या 'कलात्मक' या विशेषणात लिहिलेले आहे. पर्यावरणवादी समीक्षा हे विशेषण विसरते तेव्हा ती निसर्गाची बाजू घेत नाही, प्रेक्षकाची घेते. आणि भौतिकवादी समीक्षा जेव्हा अरण्याला केवळ पार्श्वभूमी मानते, तेव्हा सरपण वेचणारीचे ज्याच्याशी नाते आहे ते लाकूडच तिच्या हिशेबातून सुटते.

५

हा विषय मराठी अभ्यासकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. मिलेचे चित्र सालाँमध्ये लागले त्याच १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली. युरोपीय भूदृश्याचे संकेत तेथील शिक्षणातून आपल्याकडे रुजले, आणि 'निसर्गचित्र' हा शब्द त्यांच्यासाठी रूढ झाला. इंग्लंड-फ्रान्समध्ये जमीन निसर्गात रूपांतरित होण्यास दीर्घ काळ आणि बराच संघर्ष लागला. आपल्याकडे हे रूपांतर तयार स्वरूपात, शब्दाच्या आतच, येऊन पोहोचले. त्यामुळे चित्रातील शेत कोणाचे हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या कलासमीक्षेला फारशी लागली नाही.

तो प्रश्न विचारला गेला तो अन्यत्र. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये जंगलखात्याने डोंगर, दऱ्याखोरी आणि गायराने आपल्या घशात घातल्याची आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना चरायला जागा न उरल्याची तक्रार मांडली, तेव्हा ते निसर्गाविषयीच बोलत होते. त्यांच्या लेखी डोंगर म्हणजे दृश्य नव्हता, त्यावर चरण्याचा हक्क होता. आपण हा ग्रंथ सामाजिक विचारांच्या कपाटात ठेवतो आणि निसर्गचित्रे सौंदर्यशास्त्राच्या. वर तपासलेल्या चित्रांवरून एवढे तरी स्पष्ट व्हावे की, ही दोन कपाटे वेगळी ठेवणे हाच त्या जुन्या रूपांतराचा एक भाग आहे.

चित्रातील माणूस केवढा आहे हा प्रश्न सोडून देण्याची गरज नाही. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारावा लागेल : या चित्राच्या मते, या जमिनीतून त्याला काय उचलता येते, केव्हापर्यंत, आणि कोणाच्या नजरेखाली? 'गव्हाचे शेत' या प्रश्नाला स्वर्गाचे उत्तर देते, ब्रेताँ संध्याकाळचे. मिलेच्या चित्रात मात्र उत्तराच्या जागी खुंटांचा तो पट्टा आहे. तेथून काय वेचायचे हे प्रत्येक पिढीच्या वाचनावर अवलंबून राहील. पण तो पट्टा निसर्गाने आखलेला नाही एवढे भान त्या वाचनाला असावे.